शेवटच्या शब्दाची जागा

प्रार्थनाघराच्या मागच्या भिंतीवर तांबड्या अक्षरांत एक वाक्य दिसत होतं, आणि ते वाचून पेंटरआबा दोन पावलं मागे सरकले. ‘देव सगळीकडे आहे, तर रांग कशाला?’ भिंतीसमोर जमलेल्या लोकांना वाटत होतं, कोणीतरी कालच लिहिलंय. आबांना पक्कं ठाऊक होतं की त्याला सत्तेचाळीस वर्षं झालीत, कारण लिहिणारे ते स्वतः होते.

आता घोळ कसा झाला ते सांगतो. छपराचा पाइप गळत होता, त्याच्या ओलीनं चुन्याचे जुने थर सुटले आणि सगळा पापुद्रा खाली आला. पहाटे झाडणाऱ्यानं तो पाटीत भरून नेला. त्या माणसानं नोकरीला लागल्यापासून मान वर करून काही पाहिलेलं नाही, मग त्या दिवशी तरी कशाला पाहील? आणि तांबडा रंग म्हणाल तर आबांनी ऐन उमेदीत आपल्या हातानं तेलात घोटलेला. जन्मात फिका पडणार नाही, अशी फुशारकी तेव्हा ते मारायचे. नाहीच पडला मेला.

एकविसाव्या वर्षी आबांनी दोन जाडजूड पुस्तकं अर्धी अर्धी वाचली होती, त्यामुळे जगाचं काय चुकलंय हे त्यांना नीट समजलं होतं. देव नाही, आणि चार वर्षांत गरिबीही राहणार नाही, असं ते घरी जेवताना जाहीर करायचे. पक्षासाठी त्यांनी फुकटात भिंतीच्या भिंती रंगवल्या. पुढे पक्ष निवडून आला आणि पुढारी रांगेत उभे न राहता प्रार्थनाघराच्या दारातून थेट आत जाऊ लागले. तेव्हा आबांनी उरलेली अर्धी पुस्तकं वाचून काढली आणि मतदान सोडलं. त्यानंतर मुलाला एकोणीस दिवस ताप आला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी, ज्याला नाही म्हणत होते त्याच्याशीच बोलणी केली. मुलगा बरा झाला, मग शब्द पाळणं आलं. यात डॉक्टरांचाही हात असावा अशी शंका त्यांना दहा वर्षांनी आली, पण तोवर प्रार्थनेची गोडी लागली होती.

आता अडुसष्टाव्या वर्षी त्यांना प्रार्थनाघराच्या समितीचं अध्यक्ष व्हायचं होतं. निवडणूक रविवारी होती. समोर औषधांच्या दुकानाचे मालक उभे होते, आणि चुरस भलतीच होती.

एवढंच असतं तर आबा मूग गिळून गप्प बसले असते. पण औषधवाल्यांनी तासाभरात गुन्हेगार शोधून काढला, आणि ती निघाली आबांची नात.

पोरगी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत बावीस मुलांना चित्रकला शिकवायची. दोन महिन्यांपूर्वी तिनं जेवताना शांतपणे सांगितलं होतं की तिचा देवावर विश्वास नाही आणि यापुढे ती प्रार्थनेला येणार नाही. आबांनी ताट सरकवलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. समोर बसलेल्या नातीला पंखा बंद करायला सांगायचा तर ते मुलाला हाक मारायचे. पोरगीही त्यांचीच नात, तीही बापाकरवी कळवायची की आबांनाच गरम होत होतं. हा पोरखेळ घरात सगळ्यांना नकोसा झाला होता. सगळ्यात जास्त आबांना, पण माघार कोण घेणार?

संध्याकाळी समिती बसली. सहा घडीच्या खुर्च्या, मधे टेबल, दारात हाताची घडी घालून उभी नात. औषधवाल्यांनी मुद्दे मांडले. रंग ताजा आहे, अक्षर शिकलेल्या हाताचं आहे, आणि नास्तिक असल्याचं कबूल केलेलं माणूस गावात एकच आहे. तेव्हा खोली काढून घ्यावी. नात एवढंच म्हणाली की तिनं लिहिलेलं नाही, पण वाक्य तिला आवडलं. झालं, उरलीसुरली सहानुभूतीही गेली.

आबा टेबलाकडे बघत होते. गप्प राहिलं तर रविवार आपला. पोरीची खोली जाईल, बावीस मुलं घरी बसतील, आणि ती पुन्हा कधी, अगदी पंख्यापुरतंसुद्धा, काही कळवणार नाही. त्यांना एकदम फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

“हे तिचं नाही,” ते म्हणाले. “शेवटचा शब्द पाहिलात? जागा पुरली नाही म्हणून ‘कशाला’ पार कोपऱ्यात कोंबलाय. ही पोर सहा वर्षांची असल्यापासून मी तिला दोरी धरून जागा मोजायला शिकवलंय. तिच्या हातून असं होणार नाही.”

“मग कोणाचं आहे?” औषधवाल्यांनी विचारलं.

“माझं. तेव्हा मी कोणाचं ऐकत नव्हतो.”

मग एकानं हळूच विचारलं, की आता तरी आबांना वाक्य चुकीचं वाटतं ना? आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. ते म्हणाले की प्रार्थनेला ते रोज येतात, यापुढेही येतील, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही.

रविवारी औषधवाले भरघोस मतांनी निवडून आले. खोली मात्र नातीकडेच राहिली, आणि भिंतीला चुना लावायचं काम आबांच्या गळ्यात पडलं.

सोमवारी सकाळी ते बादली घेऊन भिंतीपाशी पोचले, तर नात दुसरा कुंचला घेऊन आधीच उभी. दोघांनी मिळून भिंतीला चुन्याचा पहिला हात दिला. शेवटी तिनंच विचारलं, “आबा, मागच्या वेळी कोणी पुसलं होतं हे?”

“माझ्या बाबांनी. ते जन्मभर इथे प्रार्थनेला यायचे. मी पकडला जाऊ नये म्हणून उजाडायच्या आत येऊन तीन हात मारून गेले. सकाळी चहा प्यायला बसले तेव्हा त्यांच्या कोपरांना चुना लागला होता.”

“रागावले असतील.”

“एकच वाक्य बोलले. म्हणाले, पुढच्या वेळी आधी जागा मोजून घे.”

नात हसायला लागली, आणि मग तिला हसू आवरेना. आबांनी खिशातून खडू लावलेली जुनी दोरी काढली आणि तिच्या हातात दिली.

“कुठे लिहिणार आहेस ते मला सांगू नकोस,” ते म्हणाले, आणि कुंचला बुडवून ‘कशाला’वर दुसरा हात मारू लागले.