बोंबलाला न शिवणारा जावई

चांगुणाबाईंचा माणसाच्या शब्दावर विश्वास नव्हता, ताटावर होता. मुलाने मुलगी बघून मान डोलावली, त्याच्या आईने 'पसंत' म्हटलं, मामाने सुपारी फोडली, तरी त्या जुमानत नसत. मुलाने त्यांच्या हातचं बोंबलाचं कालवण भाकरीशी खाऊन ताट बोटाने पुसलं, की मगच होकार पक्का. त्यांच्या माहेरी, घोटीला, म्हणे अशीच रीत होती. घोटीच्या इतर बायकांना ती ठाऊक नव्हती, पण हे चांगुणाबाईंना सांगणार कोण?

त्यांच्या लताला याआधीही स्थळं आली होती. एक मुलगा रोजंदारीवर होता, दुसरा 'लवकरच कायम होणार' होता. दोघांनाही चांगुणाबाईंनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मग विंचूरच्या विठाबाईंचा जयराम सांगून आला. खाली समुद्राकाठी, एका खाडीवर रंगाची कंपनी होती, तिथे तो कायम झालेला होता. मुलगा लताला आवडला आणि नोकरी चांगुणाबाईंना आवडली, म्हणजे दोघी खूश. आता फक्त ताट उरलं होतं.

त्या रविवारी नाशिकरोडच्या कॉलनीत चांगुणाबाई सकाळपासून चुलीपाशी होत्या. बोंबील त्यांनी स्वतः एस.टी.ने जाऊन घोटीच्या बाजारातून आणले होते. तिथली सुकटवाली खास त्यांच्यासाठी चांगला माल बाजूला काढून ठेवते, अशी त्यांची समजूत होती आणि त्या ती कॉलनीभर सांगत. मात्र तव्यावर बोंबील टाकले आणि घरभर रॉकेलसारखा वास सुटला. गेली दोन-तीन वर्षं हे असंच चाललं होतं. वासाचं खापर त्यांनी नेहमीप्रमाणे नवऱ्यावर फोडलं.

"तुमी पुन्हा रॉकेलचा डबा अन् बाजाराची पिशवी एका हातात आणली?"

"पिशवी तूच आणली ना घोटीहून," पुंजाराम म्हणाले. ते गरीब माणूस. ताटात पडेल ते खायचे आणि खाऊन झाल्यावर 'छान' म्हणायचे. वास आला तरी छानच.

चांगुणाबाईंनी दुप्पट लसूण आणि तिप्पट काळा मसाला घालून वास दाबून टाकला.

दुपारी पाहुणे आले. मे महिन्याचं ऊन, पत्रा नुसता तापलेला, आणि जयराम पूर्ण बाह्यांचा पांढरा टेरिलिनचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता. घाम टपटप गळत होता, तरी गडी वरचं बटण सोडायला तयार नाही. पुंजाराम त्याला पुठ्ठ्याने वारा घालत होते.

पंगत बसली. विठाबाई चवीने जेवू लागल्या. जयरामने ठेचा खाल्ला, कांदा फोडून खाल्ला, भाकऱ्यांवर भाकऱ्या हाणल्या, पण कालवणाच्या वाटीला बोट लावलं नाही. ताटातला भाजका बोंबील त्याने हळूच कडेला सरकवला, आणि तो कडेवरून घसरून परत मध्ये आला, तेव्हा पुन्हा सरकवला.

चांगुणाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. मासे खात नाही. गळा झाकून बसलाय. अरे देवा!

त्या पुंजारामांना मोरीजवळ घेऊन गेल्या. "मुलगा माळकरी दिसतोय."

"आपल्यात? असं कसं होईल?"

"मग गळ्याशी काय लपवलंय? तुळशीची माळच हाय!"

भिंतीवर बुद्ध होते, शेजारी बाबासाहेब होते, आणि त्यांच्यासमोर गळ्यात माळ घातलेला जावई! समाजात काय तोंड दाखवायचं? चांगुणाबाई सुतावरून स्वर्गाला जाणाऱ्यांतल्या होत्या, आणि एकदा तिथे पोचल्या की सहसा परत येत नसत. त्यांनी पंगतीत येऊन, पाहुण्याला कालवण वाढण्याच्या निमित्ताने वाकून कॉलरीत डोकावून बघितलं. काही दिसेना. दुसऱ्यांदा त्या इतक्या वाकल्या, की जयराम घाबरून मागे सरला. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी आख्खी पळी त्याच्या छातीवर ओतली.

"अगं बाई! हात घसरला. काढा, काढा शर्ट, भाजंल! लता, शर्ट धुऊन आण!"

"नको मावशी, ऱ्हाऊ द्या—"

पण चांगुणाबाईंनी बटणं सोडायला सुरुवातही केली होती. शर्ट निघाला. गळ्यात माळ नव्हती. ताईत नव्हता, साधा दोराही नव्हता. पण जयराम मनगटापासून वर, छातीसकट, हळदीच्या नवरदेवासारखा पिवळाधमक होता.

"कावीळ!" पुंजाराम ओरडले.

"कावीळ नाय हो," विठाबाई कळवळून म्हणाल्या. "कंपनीचा रंग हाय त्यो. हातमोजे मनगटापुरतेच देत्यात. कितीबी घासलं तरी जात नाय. त्याला लाज वाटती म्हणून झाकून बसतो माझा लेक."

चांगुणाबाईंचा जीव भांड्यात पडला. रंगच ना? चालेल की. नवरदेवाला हळद लावायचा खर्च वाचला.

"मग बाळा, बोंबलानं काय घोडं मारलं?"

जयराम मान खाली घालून बोलू लागला. "मावशी, टाक्या धुतलेलं पाणी खाडीत सोडायची चावी माझ्याच हातात हाय. पिवळा रंग काढला की खाडी पिवळी, लाल काढला की लाल. आमच्याकडं लोक खाडी बघून सांगत्यात आज कोणता माल निघाला त्यो. वरून दुसऱ्या कंपनीचं तेल. मासे उलटे होऊन काठाला लागत्यात. हे बोंबील तिथलेच."

"कशावरून तिथलेच? आमची सुकटवाली खास माल ठेवती माझ्यासाठी."

"तिचा माल कुठून येतो ते मला ठाऊक हाय मावशी. टेम्पो आमच्याच वस्तीतून निघतो. खाडीकाठची माणसं ते मासे घेत नाय, म्हणून वाळवून घाटावर पाठवत्यात."

चांगुणाबाईंना हे ऐकून राग आला, आधी सुकटवालीचा, मग कंपनीचा आणि शेवटी समोर बसलेल्या पिवळ्या मुलाचा. तो सगळा राग जवळ होता त्याच्यावर निघाला.

"कळतंय तरी चावी फिरवतोस? उद्यापासून फिरवायची नाय! सांगून ठेवते!"

"मी नाय फिरवली तर दुसरा फिरवंल. अन् मला घरी बसवत्याल," जयराम म्हणाला. मग त्याने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "घरी बसलेल्याला पोरगी द्याल का मावशी? तुमी हो म्हणा, मी उद्या सोडतो."

लता ओला शर्ट हातात घेऊन दारात उभी होती. सगळे चांगुणाबाईंकडे बघत होते. 'देईन' हा शब्द त्यांच्या जिभेवर आलाही होता. पण रोजंदारीवाल्याला आपण का नाकारलं होतं ते त्यांना आठवलं, आणि घर कशावर चालतं तेही आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. असली लाज त्यांना सवयीची नव्हती.

"नोकरी सोडू नको," त्या खाली बघत हळूच म्हणाल्या. "दिली पोरगी."

जयरामचा चेहरा फुलला. ताट पुसल्याशिवाय इथे होकार धरत नाहीत, हे विठाबाईंनी त्याला वाटेत बजावलेलं होतं. त्याने डोळे मिटून कडेचा बोंबील उचलला आणि तोंडाजवळ नेला.

चांगुणाबाईंनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. "टाक ते! खायचं नाय! माझ्या पोरीला धडधाकट नवरा पाहिजे."

पुंजाराम तिसरा बोंबील चोखत होते. ते थांबले.

"अन् तुला नको व्हय?" त्यांनी विचारलं.

विठाबाई खो खो हसायला लागल्या. मग हसता हसता त्यांनीही हातातला घास खाली ठेवला.