ऑडमचा अंगठा आणि मी

मी चिलखत बोलतोय. चिलखत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर घोडा, भाला आणि गडाचा दरवाजा आला असेल, तर तो पुसून टाका. मी अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या फुटबॉल संघातल्या एका माणसाचे खांदे आणि छाती झाकायचो. कडक प्लास्टिकचे दोन पाखे, छातीवर दोन पाट्या, आत स्पंज, बाजूला पट्टे आणि बकलं, एवढाच माझा देह. आणि फुटबॉल म्हणजे आमचा, लांबुडक्या चेंडूचा. त्यात लाथा कमी आणि टकरा जास्त.

अकरा वर्षं मी एकाच माणसाच्या अंगावर काढली. त्याचं नाव गस हॅलव्हर्सन, पण सगळे त्याला हॅल म्हणायचे. वय चौतीस, गुडघे साठीचे. हॅल टाइट एंड होता. म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहणारा असा गडी, ज्याला एका डावात समोरच्या रेड्याला ढकलून वाट मोकळी करायची असते आणि पुढच्याच डावात हलक्या पावलांनी पळत जाऊन चेंडू झेलायचा असतो. अर्धा हमाल, अर्धा नवरदेव. दोन्ही कामं जमणारी माणसं थोडी, आणि माझा हॅल त्यातला होता हे मी छाती ठोकून सांगतो. छाती ठोकणं हा तर माझा धंदाच.

माझ्यात एक खोट होती, ती आधीच कबूल करतो. मला वास यायचा. थोडाथोडका नव्हे. तिसऱ्या मोसमात सामानघरातल्या म्हाताऱ्या मिल्टने मला साबणाने स्वच्छ धुतलं आणि त्यानंतर संघ ओळीने पाच सामने हरला. हॅलने मिल्टला बजावलं, "याला पाणी लावलंस तर तुझ्या मिशीला वस्तरा लावीन." तेव्हापासून आठ वर्षांचा घाम माझ्या स्पंजात मुरत होता. कपडे बदलायच्या खोलीत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या नेहमी रिकाम्या असत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या वर्षी जुलैअखेरीला सरावाचं शिबिर सुरू झालं आणि रेगी ऑडम आला.

बावीस वर्षांचा, मिसिसिपीचा, साडेसहा फूट उंच. कॉलेजात याने इतके चेंडू झेलले होते म्हणे, की गावातल्या न्हाव्याने याच्याकडून पैसे घेणं सोडलं होतं. बोलायला मऊ, सगळ्यांना मिस्टर लावून हाक मारणारा. पहिल्याच दिवशी जेवणघरात त्याला रिवाजाप्रमाणे खुर्चीवर उभं करून कॉलेजचं गाणं म्हणायला लावलं. पोरगं इतकं बेसूर गायलं की स्वयंपाकी बाहेर येऊन बघून गेला.

संघ तीन टाइट एंड ठेवणार होता. दोन ठरलेले होते. तिसऱ्या जागेला दोन माणसं, माझा हॅल आणि हा ऑडम. ऑगस्टच्या शेवटी एकाला घरी जायचं होतं. आणि हॅल गेला की मीही गेलोच, कारण माझ्यासारख्या वासट म्हाताऱ्याला दुसरं कोण अंगाला लावणार? त्यामुळे त्या पोराशी माझं वैर पहिल्या दिवसापासून होतं. हॅलचं नव्हतं. वैर करण्यात हॅल फार आळशी होता.

आता आमच्याकडे आणखी एक रिवाज आहे. सराव संपला की नवख्याने आपल्याच जागेवरच्या जुन्या खेळाडूचं चिलखत मैदानापासून खोलीपर्यंत वाहून न्यायचं. चारशे पावलं. हॅलने मला अंगातून काढून ऑडमच्या हातात दिलं.

"घे, पोरा. खाली ठेवायचं नाही, घासायचं नाही."

"हो, मिस्टर हॅल." मग जरा थांबून, "मिस्टर हॅल, याच्यात काही मेलंय का?"

"मेलं नाही. मुरलंय. चल."

बाकीचे नवखे चिलखत खांद्यावर टाकून, नाहीतर बोटाला अडकवून रमतगमत जायचे. ऑडमला ते शक्य नव्हतं. त्याने मला दोन्ही हातांनी छातीच्या पाट्यांना धरलं, कोपरं बरगड्यांशी घट्ट दाबली, मला होईल तेवढं नाकापासून दूर लोटलं, मान ताठ केली, हनुवटी वर आणि श्वास कोंडून चालू लागला. मी मनातल्या मनात लोळून हसलो. वाटेत मी एक पट्टा त्याच्या मांड्यांवर सटासट हाणला आणि बुटांवर घामाचे चार थेंब सोडले. मग हा माझा रोजचाच उद्योग झाला.

मैदानावर तर मला काही करायची गरजच नव्हती. चेंडू झेलायला सांगितलं की पोरगं हरणासारखं पळायचं, पण समोरच्याला अडव म्हटलं की सगळी दैना. हात फाकवून असा पुढे जायचा की जणू लग्नात व्याह्याची गळाभेट घेतोय. समोरचा त्याच्या काखेतून निघून जायचा, नाहीतर हा त्याला बाहेरून कवटाळायचा आणि पंचाचा चूक दाखवणारा पिवळा रुमाल पडायचा. टाइट एंडचे प्रशिक्षक पाडिया हे ठेंगणे, आणि घसा कायमचा बसलेला.

"ऑडम! हात आत! छातीला धर, छातीला! तो तुझी आत्या आहे का मिठी मारायला?"

"नाही, सर."

"मग? न्हावी फुकट केस कापतो ना तुझे? इथे ढकलल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही."

तीन आठवडे हेच चाललं. मी निश्चिंत होतो. हॅलची जागा पक्की, माझी खुंटी पक्की.

मग एका दुपारी घात झाला. सराव संपला होता, ऑडम मला नेहमीसारखं धरून श्वास कोंडून चालला होता आणि मागून पाडिया येत होते. ते एकदम ओरडले, "थांब! हलू नकोस!"

ऑडम जागच्या जागी गोठला. पाडिया त्याच्याभोवती हळूहळू फिरले. त्याची कोपरं दाबून पाहिली, मनगटं पाहिली, पाठीवर थाप मारली.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"काय, सर?"

"हे! अंगठे वर, कोपरं आत, पाठ सरळ, मान ताठ! तीन आठवडे मी हेच बोंबलतोय!"

"सर, मी फक्त... वास येतो म्हणून..."

पाडियांनी पुढे वाकून माझा वास घेतला आणि डोळ्यांत पाणी येऊन मागे सरले. "उद्यापासून समोरच्या प्रत्येकाला असाच धर. त्याला असाच वास येतोय असं समज."

"समजायचं काय, सर? येतोच."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हॅल हसला. मी मात्र हसलो नाही. रोज चारशे पावलं, तीन आठवडे, माझ्याच वासाने त्या पोराच्या हातांना शहाणं करून सोडलं होतं. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

आणि हॅलने काय करावं? दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाआधी मला अंगावर चढवलं आणि ऑडमसमोर जाऊन उभा राहिला.

"ढकल."

"मिस्टर हॅल, आपण दोघं एकाच जागेसाठी..."

"ते मला माहीत आहे, पोरा, मला मोजता येतं. पाडिया म्हणतो तू शिकशील. मी म्हणतो नाही. पैज लागलीय, हरणाऱ्याने आठवडाभर डोनट आणायचे. ढकल आता, नाहीतर तू मुद्दाम मला जिंकवतोयस असं होईल."

आठ दिवस हे चाललं. ऑडम माझ्या छातीच्या पाट्या धरायचा आणि हॅलला मागे रेटायचा. हॅल सांगायचा, "खालून ये. आणखी खालून. पाय थांबवू नकोस. हां, आता जरा माणसात आलास." पोराचे तळवे माझ्यावर रोज आणखी नेमके बसत होते आणि हॅलच्या टाचा रोज आणखी मागे सरकत होत्या. हॅल खूश, पाडिया खूश. अख्ख्या मैदानात एकट्या मलाच कळत होतं की आपलं घर जळतंय.

शेवटच्या सराव सामन्याला दोन दिवस राहिले आणि मी ठरवलं, आता गंमत पुरे. माझ्या डाव्या पाटीखालचं बकल एका कडेला तुटलं होतं. ऑडमचा हात आला तसा मी अंग किंचित वळवलं आणि ती धार त्याच्या उजव्या अंगठ्यात रुतवली. चांगली खोल.

पोरगं ओरडलं नाही. त्याने हात पटकन मागे घेतला आणि मूठ मिटली.

"काय झालं?" हॅलने विचारलं.

"काही नाही, मिस्टर हॅल. घाम आला हाताला."

पाडियांनी पट्टी पाहून विचारलं तेव्हा तो म्हणाला, गाडीच्या दारात सापडला. हॅलच्या चिलखताने कापलं म्हटलं असतं तर लोक हॅलकडे कसे बघतील, हे त्या मऊ पोराला बरोबर कळलं होतं. मला जरा लाज वाटली, पण टिकली नाही. कारण उजवा अंगठा गेलेल्या माणसाला चेंडू झेलता येत नाही, आणि चेंडू झेलणं हीच तर त्याची एकमेव पुंजी होती. त्या दिवशी मी खुंटीवर मोठ्या मजेत होतो.

शनिवारी दुपारी सामना झाला. पहिल्या सत्रात हॅल खेळला. दोन चेंडू झेलले, दोन्ही सुंदर. समोरच्या संघात एक्क्याण्णव नंबरचा एक दांडगा गडी होता. हॅलने त्याला एकदा अडवलं आणि एकदा नाही. दुसऱ्या सत्रात ऑडम उतरला, हॅल बाकावर आला आणि मी त्याच्या अंगावरून सगळं पाहू लागलो.

पाडिया कुणाला तरी सांगत होते, "त्याच्या अंगठ्याला लागलंय, चेंडू टाकूच नका त्याच्याकडे. सगळा वेळ अडवायलाच ठेवा. बघू तरी."

आणि मग मला कळलं की मी काय करून बसलोय. अंगठा धड असता तर ते त्याच्याकडे चेंडू फेकत राहिले असते, तो नवरदेवासारखा मिरवला असता, आणि त्याच्यातला हमाल कुणाला दिसलाच नसता. मी चावलो म्हणून पोराला तासभर दुसरं कामच उरलं नाही. त्याने एक्क्याण्णवला छातीच्या पाट्यांना धरलं. अंगठा बाहेर ठेवून चार बोटांनी. मान ताठ, हनुवटी वर. एकदा रेटला, दुसऱ्यांदा रेटला, आणि शेवटी तर त्याला दहा यार्ड मागे नेऊन मैदानाबाहेरच्या पाण्याच्या पिंपात बसवलं. बाकावरचे सगळे उठून नाचू लागले.

हॅलही उठला. "खालून!" तो ओरडला. "बघितलंत? खालून गेला!" त्याची छाती धडधडत होती, मी आत ऐकत होतो. मग तो बसला आणि गुडघे चोळू लागला.

मंगळवारी सकाळी नावं कमी करायचा दिवस होता. कार्यालयातला एक माणूस हातात कागद घेऊन खोलीत आला की सगळे एकदम बुटांच्या नाड्या बांधू लागतात. तो आमच्या रांगेत येऊन थांबला. ऑडम पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून उभा राहिला.

"तू नाही रे. बस," तो माणूस म्हणाला. "हॅल, साहेब बोलावतायत."

हॅलने हातातली कॉफी संपवली, शांतपणे. दहा मिनिटांनी तो परत आला तो कचऱ्याची काळी पिशवी घेऊन. जाणाऱ्यांना सामान भरायला तीच देतात. बूट, टॉवेल, मुलीने काढलेलं एक चित्र, दाढीचा साबण. अकरा वर्षं पिशवीत मावली आणि तरी जागा उरली.

"मिस्टर हॅल," ऑडम म्हणाला. साडेसहा फुटांचं पोरगं लहान मुलासारखं नाक पुसत होतं.

"रडतोस काय? पैज मी हरलोय, तू नाही. डोनट पाडियाला द्यायचेत अजून." मग हॅलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक्क्याण्णवला बसवलंस ना, ते मी घरी फोन करून सांगितलं. बायको म्हणाली, कुणाचा मुलगा आहे तो?"

मला त्याने स्वतः उचलून मिल्टच्या सामानघराच्या खिडकीत नेऊन ठेवलं. मिल्ट म्हणाला, "घेऊन जा घरी. माझं लक्ष नव्हतं असं समज." हॅलने माझ्या पाख्यावर दोनदा थोपटलं आणि मानेनेच नको म्हटलं. तो वळला तेव्हा काळी पिशवी ऑडमने आधीच उचलली होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोघं दाराबाहेर गेले. मी खिडकीतून पाहत होतो. मला हाक मारता येत नाही, याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

आता मी मिल्टच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. अंगावर घालायला कुणी काढत नाही. मिल्ट डबा खाताना इकडच्या तिकडच्या बातम्या बोलतो, त्यातून कळतं. ऑडम दर रविवारी खेळतो आणि चांगला खेळतो. हॅल जवळच्याच एका गावात शाळेच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. आपली जागा कशी गेली हे तो पोरांना हसत हसत सांगतो म्हणे: "गुडघे गेले रे. म्हातारा झालो, दुसरं काय?"

ते ऐकलं की मला या फळीवर बसवत नाही. तुमच्यापैकी कुणी शुक्रवारी संध्याकाळी शाळांचे सामने बघायला त्या बाजूला गेलात, तर कडेला एक उंच, जरा लंगडणारा माणूस पोरांवर ओरडताना दिसेल. त्याच्याजवळ जा आणि माझं एवढं काम करा. त्याला सांगा, जागा गुडघ्यांमुळे गेली नाही, हॅल. पोराचा अंगठा गाडीच्या दारात सापडला नव्हता. तो मी कापला होता, तू राहावास म्हणून.