बाबांचा फ्रेंच टोस्ट

आई घर सोडून गेली त्याला बावीस दिवस झाले होते, आणि गेली तीही भांडून नव्हे. एका सकाळी बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, चहात साखर कमी आहे, एवढंच म्हणाले. आईने गॅस बंद केला, चार कपडे बॅगेत भरले आणि दोन गल्ल्या पलीकडे मावशीकडे राहायला गेली. स्वतःच्या हातांनी काही करून मला वाढाल त्या दिवशी परत यायचं बघू, असं जाताना दारातून सांगितलं.

मधल्या मध्ये मरण झालं थोरल्या लेकीचं. ती डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होती. आठवड्याला मिळणारी एकुलती एक सुट्टी तिने सलग दोनदा बाबांच्या स्वयंपाकघरात घालवली होती. पहिल्या खेपेला ऑम्लेट तव्याला असं चिकटलं की तवाच भंगारात गेला. दुसऱ्या खेपेला बाबांनी बोट कापून घेतलं. मग फ्रेंच टोस्ट करायचं त्यांनीच सुचवलं. कधीतरी प्रवासात हॉटेलातल्या नाश्त्याला आईने चार टोस्ट खाल्ले होते आणि असं कुणी आयतं समोर ठेवलं तर काय हवं, असं म्हणाली होती. बाबांच्या हे लक्षात होतं, याचंच लेकीला नवल वाटलं.

आज आईला अकराला बोलावलं होतं. लेक साडेनऊला पोचली आणि ओट्यावरचा ब्रेड पाहून तिने कपाळाला हात लावला. आदल्या दिवशीचा, जाड कापांचा आणा, असं तिने दोनदा फोन करून सांगितलं होतं. बाबांनी त्याच सकाळचा लुसलुशीत, पातळ कापांचा आणला होता. घरी येणाऱ्या माणसाला शिळं कसं घालायचं, हे त्यांचं म्हणणं. लेकीने दातओठ खात काप कोरड्या तव्यावर वाळवायला टाकले.

बाबा पेन्सिल घेऊन बसले. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. तिने अंडी, दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि दालचिनीची पूड असं सांगितलं.

"दूध किती?"

"अंदाजाने घाला, बाबा."

"अंदाज म्हणजे किती?"

शेवटी तिने वाटी दाखवली. मग फेटायचं किती वेळ, बुडवायचं किती सेकंद, बटर किती तापलं म्हणजे तापलं, या प्रश्नांची सरबत्ती झाली. ती उत्तरं देत गेली, आवाज चढत गेला. बाबांनी पहिला काप बुडवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. उचलायला गेले तर काप मधोमध तुटून भांड्यात विरघळला. दुसऱ्याचंही तेच. तिसरा त्यांनी कामाच्या बारीक चिमट्याने उचलायला घेतला, तेव्हा लेकीचा तोल गेला.

"अहो, तो ब्रेड आहे, घड्याळाचा काटा नाही! द्या इकडे, मीच करते."

बाबांनी भांडं सोडलं नाही.

"तू बाहेर बस," ते हळूच म्हणाले. "मागे कुणी उभं असलं की माझा हात चुकतो. तुझी आईपण अशीच उभी राहायची. म्हणून तर मी आत यायचं सोडलं."

लेकीच्या मनाला लागलं. ती बाहेर येऊन बसली. आतून अंडं फुटल्याचा आवाज आला, मग चर्र झालं, मग बटर करपल्याचा वास. दोनदा ती उठली आणि दोनदा खाली बसली. वॉर्डात एकेका डायलिसिसचे चार-चार तास यापेक्षा लवकर सरत होते.

आई वीस मिनिटं आधीच आली. लेक करतेय आणि बाप वाढतोय, असं काहीतरी रंगेहाथ पकडायच्या इराद्यानेच आली असणार. पण लेक बाहेर रिकाम्या हातांनी बसलेली. आई टेबलाशी जाऊन बसली.

बाबांनी बशी आणून ठेवली. त्यांच्या कोपरापर्यंत अंडं लागलं होतं. दोन टोस्ट होते, एक सोनेरी आणि एक बराचसा काळा. आईने काळा आधी खाल्ला.

"मधे ओलं आहे," ती म्हणाली. "गॅस मोठा ठेवलात."

"मग किती ठेवायचा?"

"बारीक. आणि बटरात थेंबभर तेल घालायचं, म्हणजे ते जळत नाही."

सोनेरी टोस्टही तिने पूर्ण संपवला. लेकीला आता राहवेना. तिने विचारलं, "आई, बॅग कुठंय तुझी?"

"मावशीकडे. एक दिवस कुणीही करतं. उद्या आठला येते."

"उद्याही हेच करणार मी," बाबा म्हणाले. "दुसरं येत नाही."

"चालेल की. आठवडाभर चालेल."

लेकीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दोघं ओट्याशी उभे होते. आई चारदा सांगत होती की अजून बारीक करा, आणि बाबा सांगत होते की याहून बारीक केला तर विझेल. सात अंड्यांची टरफलं मोरीत पडली होती. सकाळपासून आपल्या पोटात अन्नाचा कण नाही, हे लेकीच्या आत्ता ध्यानात आलं. तिने पायांत चपला सरकवल्या आणि येते म्हणून सांगितलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही.