पिवळी नाव वापस फिरली

पदरचे पैसे देऊन दर्यात मरायले जाते म्हनते! मी तर पहिल्याच रविवारी म्हनलं, हे लोकं पागल आहेत.

आमच्या गावात टीव्ही तसे दोन-तीन, पन रंगीत टीव्ही आन वर छत्री एकट्या गफ्फारभाऊच्या किराना दुकानात. रविवारी दुपारी त्याच्यावर त्या नावा दिसत. शिडाच्या नावा, पूर्‍या पृथ्वीले चक्कर मारून जिथून निघाल्या तिथीच वापस येनार. बोलनं सगळं इंग्रजीत. गफ्फारभाऊची पोरगी शिरीन ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकते, रविवारी घरी राहाची, ती सांगे. म्हने, मावशी, हे नावाडी नाई. यात मास्तर आहे, नर्स आहे, दुकानदार आहे. हौस म्हनून चालले.

आमी जातीचे ढिवर. बाप-आजापासून पोटासाठी वल्हं मारून राह्यलो, आन हे हौस म्हनून! हसून हसून पोट दुखलं. पन पुढच्या रविवारी जागा धराले मीच सगळ्याच्या आधी गेली. नावा सगळ्या सारख्या, रंग फक्त वेगळे. आमी पिवळीच्या बाजूनं, काऊन का तिच्यात एक पांढऱ्या केसाची म्हातारी होती. नवरा मेल्यावर घर विकून आली म्हने. तिनं दोर ओढला का आमच्या बाया टाळ्या वाजवत.

माह्या नवऱ्याले गाव मुखरू म्हनते. मी नाव घेत नाई, मी नवराच म्हनीन. तो सगळ्याच्या पुढं बसे आन टीव्हीले शिकवे. "हवा फिरली ना बापा, शीड उतरव." शिरीन म्हने, काका, त्याहिले ऐकू जात नाई. तो म्हने, जात नाई तर नाई, आपलं सांगाचं काम.

आमचं गाव वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या अंगाले. सावली गावचा बाजार पल्ल्याड, तिथी जाचं तर घाटावरची नाव. नाव गावाची, हात माह्या नवऱ्याचे. त्याच्या बदल्यात धान निघालं का घराघरातून आमाले धान येते. जमीन आमाले नाई. त्या धानावर आमी जगतो.

नीलाबाईबी यायची टीव्हीले, पोरगी दिव्याले घेऊन. सात वर्षाची असंल दिव्या. एका कोपऱ्यात बसत दोघी. नीलाबाईचा मोठा पोरगा अंकुश तीन वर्षापूर्वी आमच्याच नावीतून गेला. श्रावनाचा महिना, बाजार करून येनारे तेरा लोकं, त्यात नीलाबाई आन दिव्याबी, दोन बकऱ्या, एक सायकल. मधी धारेत वाहत आलेलं झाड नावीले धडकलं आन कडंले बसलेला अंकुश पान्यात पडला. माह्या नवऱ्यानं बाकीचे काठाले लावले. मंग एकटा परत गेला, अंधार पडेपर्यंत धुंडत राह्यला. अंकुश दुसऱ्या दिवशी खाली दूर सापडला. तेव्हा गाव म्हने, मुखरू होता म्हनून बाराजन वाचले. पोलीसपाटलानं मानाचा नारळ दिला होता त्याले. नीलाबाई कधी एक शब्द वाकडा बोलली नाई.

आन मंग तो रविवार आला.

टीव्हीवर पानी पहा कसं, पहाडासारखं! पिवळ्या नावीतला एक मानूस लाटेनं उचलला आन गेला पान्यात. त्याहिनं शीडं उतरवली, नाव फिरवली. ती म्हातारी हात लांब करून एकाच जागी बोट दाखवत उभी. शिरीन सांगे, पानी बर्फासारखं आहे, मानूस जास्त वेळ जगत नाई. तरी धुंडून राह्यले, धुंडून राह्यले. आन भेटला का नाई! वर ओढला, तोंड निळं पडलं होतं, पन जिवंत. दुकानात अशा टाळ्या पडल्या का बरनीतले गोळ्या-बिस्कूट हालले. मीबी वाजवल्या. माह्या नवऱ्यानंबी वाजवल्या.

टाळ्या थांबल्या, आन गावातला म्हातारा पंच सोमाजी बोलला, "एका मानसासाठी वापस फिरले."

बस. एवढंच. मंग साबनाची जाहिरात लागली आन सगळे डोळे फाडून ती जाहिरात पाहात बसले. माह्या नवऱ्याकडे कोनी पाहेना, नीलाबाईकडेबी कोनी पाहेना. ती उठली, दिव्याचा हात धरला आन गेली.

त्या दिवसापासून गावाची जीभ सुटली. हापशीवर तेच, घाटावर तेच. मुखरूनं फिरवाची होती नाव. पोरगं दिसत होतं म्हने पान्यात. आन बोलत कोन होते? ज्याहिले यानं काठाले लावलं तेच! मी सोडते का? मी हापशीवरच सुनवलं, "त्याहिच्या नावीत इंजिन होतं, अंगात हवा भरलेले जाकीट होते. आमच्या नावीत तुमी होते आन तुमच्या बकऱ्या. नाव फिरवली असती तर आज कोनाच्या तोंडानं बोलल्या असत्या?" त्याहिनं घागरी उचलल्या. पन माह्या पाठीमागं पुन्हा सुरू. हंड्याचं तोंड बांधता येते, गावाचं तोंड कोन बांधते?

मंग सोमाजीनं ठरवलं, गुरवारी गाव बसवून पंचायत कराची. नाव आपल्या पुतन्याले द्याची. आता कळलं का म्हाताऱ्याले टीव्ही पाहून अंकुशचा एवढा पुळका काऊन आला?

पन खरं सांगते, माह्याबी मनात किडा शिरला होता. लोकं तर लोकं, मीच घरी विचारलं. नवरा जाळं शिवत होता.

"खरं सांगा, फिरवता आली असती का नाव?"

त्यानं जाळ्याले एक गाठ मारली. मंग म्हनला, "कोन जाने. आली असती."

"मंग काऊन नाई फिरवली?"

त्यानं सुईत दुसरा दोरा ओवला. दगडाले पाझर फुटंल, याले नाई. मले अशी चीड आली का मी म्हनलं, "मंग गाव खोटं नाई बोलत. मले वाटे माह्या घरात मानूस आहे." त्यानं जाळं गुंडाळून ठेवलं आन जेवन न करता निजला. मी त्याले उठवलं नाई.

गुरवारी सकाळी नीलाबाई आली. घरात आली नाई, मागच्या अंगनात चुलीपाशी माह्यासमोर बसली. मी म्हनलं, आता हीबी शिव्या द्याले आली. ऐकून घिऊ.

ती म्हनली, "वल्हं मी धरलं होतं वो, बुधरी."

मले समजलंच नाई. ती खाली पाहूनच बोलत राह्यली. "अंकुश पडला तसं मुखरूभाऊनं नाव फिरवाले घेतली होती. नाव आडवी झाली आन पानी आत आलं, माह्या मांडीवरच्या दिव्याच्या छातीपर्यंत. मी मागं त्याच्या पायाशीच बसली होती, बाकीच्याची पाठ आमच्याकडे. सगळे बोंबलत होते, कोनाले काई ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही हातानं वल्हं धरलं. म्हनलं, फिरवू नका भाऊ, पोरगी बुडंल, अंकुशले पोहता येते. त्यानं माह्या तोंडाकडे पाह्यलं. मी म्हनलं, पुढं चाला."

चुलीतलं लाकूड धूर करत होतं, मले ते आत सारनंबी सुचंना.

"काठाले आल्यावर तोच मले म्हनला, बाई, हे कोनाले सांगू नका. पोरगी मोठी व्हाची आहे. मी म्हनलं बरं. तीन वर्ष झाले, मी नुसती बरं म्हनून बसली आहे. त्या रविवारी ते लोकं फिरले तवा मले असं वाटलं का तिथंच जीव जावा." मंग तिनं डोळे पुसले. "मले सांगनं होत नाई वो. आज तू सांग. तुह्या तोंडात तीळ भिजत नाई, सगळ्याले माहीत आहे. मी नाई म्हननार नाई."

काय वाटलं मले? तिची झिंज धरून तिले घाटापर्यंत ओढत न्यावं वाटलं. तीन वर्ष याच हातानं मी तिले मीठ-मिरची दिली! आन मंग परवाचं माहं बोलनं आठवलं, आन मले माहीच थोबाडीत मारावं वाटलं. गाव निदान टीव्ही पाहून बोललं. मी त्याच्याजवळ एवढे वर्ष निजून बोलली.

गाव समाजमंदिरात बसलं. मी ठरवूनच गेली होती, आज एकेकाचं तोंड काळं करते. सोमाजीनं इचारलं, "मुखरू, तुले काई सांगाचं आहे?" माह्या नवऱ्यानं मान हलवली, नाई. मी पदर खोचला आन उभी झाली.

समोर नीलाबाई बसली होती. अंग चोरून, मार खायले बसल्यासारखी. तिच्या मांडीले रेलून दिव्या. बोरं खात होती, आन मी उठली तशी तिनं खानं थांबवलं. लेकरानं कान टवकारले. आपल्या भावाचं बोलनं आहे हे तिले समजत होतं.

मी बोलली असती तर आमची नाव राह्यली असती. धान राह्यलं असतं, नवऱ्याचं नाव राह्यलं असतं. आन त्या पोरीले कळलं असतं का मायनं भाऊ सोडला तो तिच्यासाठी. मंग त्या दोघीनं एका गोधडीत कसं निजाचं?

"चुकी झाली माह्या नवऱ्याची," मी म्हनलं. "नाव फिरवाले पाहिजे होती."

नीलाबाईचं तोंड उघडलं. मी तिच्याकडे असे डोळे वटारले का तिनं ते मिटलं. सोमाजीनं लगेच पुतन्याले उभं केलं. लोकाहिनं माना हलवल्या. मुखरूची बायको म्हनते म्हनजे खरंच असंल.

घरी आल्यावर नवऱ्यानं इचारलं, "तिले डोळे काऊन वटारले? तुले कोनं सांगितलं?"

"नीलाबाईनं."

त्यानं पाय धुतले. मंग म्हनला, "भूक लागली." मी वाढलं. वाढता वाढता मले रडू फुटलं, मी म्हनलं, माहं चुकलं. तो म्हनला, "वरन वाढ."

आता तो मासोळ्या धरते, मी सावलीच्या बाजारात विकते. सोमाजीच्या पुतन्याच्या नावीत पैसे देऊन पल्ल्याड जाते. टीव्हीले आमी पुन्हा गेलो नाई. रेस कोन जिंकलं, मले माहीत नाई.

दिव्या शाळेत जाते ती आमच्या दारावरून. परवा माहा नवरा ओट्यावर बसला होता. पोरगी थांबली, त्याच्याकडे पाह्यलं आन त्याच्या पायापाशी थुकली. माहं डोस्कं फिरलं, मी हात उचलून धावली. त्यानं माहं मनगट धरलं.

"थुकू दे," तो म्हनला. "जिवंत आहे म्हनून थुकते."