टाकीचा उलटा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नाही आणि बाभळीचाही नाही. भोकरच्या बाजूला एका गावात पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या अंगावर बाहेरून एक उभी पट्टी ठोकलेली आहे आणि त्या पट्टीवरून वरखाली सरकणारा हातभर लांबीचा लाल पत्रा म्हणजे मी. टाकीत पाणी किती आहे, हे गावाला खालूनच कळावं म्हणून मला इथे लावलं. ते मी नीट सांगत होतो की नाही, याबद्दल मध्यंतरी माझाच असा गोंधळ उडाला की विचारू नका. तीच हकिकत सांगतो.

नांदेडच्या एका वर्कशॉपमध्ये मला कापलं, घासलं आणि लाल रंग दिला. त्याच दिवशी तिथे पत्र्याचा एक बंद डबाही तयार झाला. डब्याला टाकीच्या आत पाण्यावर तरंगत सोडलं, मला बाहेर टांगलं आणि एकाच तारेची दोन टोकं कप्पीवरून आम्हा दोघांना बांधली. आडाच्या रहाटावर एक बादली वर आली की दुसरी खाली जाते ना, तसं आमचं चालतं. पाणी चढलं की डबा वर जातो आणि मी खाली येतो. पाणी उतरलं की डबा खाली आणि मी वर. म्हणून माझ्या पट्टीवर सगळ्यात वर ‘कोरडी’ आणि सगळ्यात खाली ‘भरली’ असं लिहिलेलं होतं. त्या डब्याचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही, पण तीस वर्षं आम्ही एकमेकांना धरून आहोत.

त्या तीस वर्षांतली बहुतेक वर्षं पंढरी गावाला पाणी सोडत असे. तो आकड्यांच्या भानगडीत कधी पडला नाही. टाकी म्हणजे उभा माणूस, असा त्याचा हिशेब. नळावर बाया विचारायच्या, “पंढरीदादा, काटा कुठं हाय?” तो म्हणायचा, “पायाशी हाय, दोन घागरी जास्त भरा.” कधी म्हणायचा, “डोक्याला चालला, जपून वापरा.” एवढ्यावर सगळं गाव चालायचं. माझ्याकडे मान वर करून बघितल्याशिवाय त्यानं कधी व्हॉल्व्हला चावी लावली नाही. खरं सांगतो, मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मग पंढरीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. चावी त्याच्या सुनेकडे, महामायाकडे आली. त्याच सुमारास टाकीच्या झाकणाखाली एक भोंगा बसवला गेला. तो पाण्याकडे आवाज सोडतो आणि आवाज किती वेळात परत येतो त्यावरून पाण्याची पातळी ओळखतो. पंचायतीच्या भिंतीवर त्याची स्क्रीन लागली. पाणी उतरलं की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू, भरलं की आपोआप बंद. आता वर मान करतो कोण? लोक स्क्रीन बघू लागले, पाया-डोक्याचा हिशेब विसरून गेले आणि मी ऊन खात लटकलो. माझ्या पट्टीवरची अक्षरं उन्हानं पार उडून गेली.

यंदा टाकीला रंग द्यायचं निघालं. साहेबराव पेंटर आला. माणूस मोठा टापटिपीचा. रिकामी पट्टी पाहून त्यानं कोणाला विचारलं नाही. शून्य खाली, दहा वर, असे सुंदर निळे आकडे काढून तो मोकळा झाला. शाळेतली पट्टी अशीच असते, त्याचं तरी काय चुकलं म्हणा! पण मित्रांनो, त्या दिवसापासून माझं डोकं चालेना. मी तसाच सरकत होतो, तार तीच, डबा तोच. टाकी तुडुंब भरली तेव्हा मी नेहमीसारखा पायाशी आलो, तर शेजारी शून्य! ग्रामसेवक दयानंद यांनी खालून बघितलं आणि म्हणाले, “स्क्रीनवर शंभर टक्के, अन् हा शून्य दावतोय. म्हातारा खोटं बोलून राहिला.”

मला फार लागलं ते. मी खोटं बोलत होतो का? आकडे तर माझ्याच अंगाशी लिहिलेले होते.

पंधरा दिवसांनी मी वर सरकू लागलो. आतला डबा खाली खाली चालला होता, तार ओढत होती. मोटरचा आवाज मात्र येईना. होता होता मी अगदी डोक्याशी, दहाच्या आकड्यावर जाऊन टेकलो. त्या दिवशी दयानंद हसत आले. “बघा, काटा सुधारला! स्क्रीन शंभर, काटा दहा. दोघांचं एकमत!” इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी गोंधळलो, आणि लाज वाटते सांगायला, थोडा सुखावलोही. वाटलं, लिहिलंय म्हणजे टाकी भरलेलीच असेल. मी कोण सांगणारा?

त्याच दिवशी टोकाच्या गल्लीला पाणी गेलं नाही. महामायाचं घर त्याच गल्लीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचे नळ कोरडे पडले. टाकी भरलेली, नळ कोरडे, म्हणजे मधेच काहीतरी अडलंय, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मुख्य पाइप शोधायला रस्ता उकरायला घेतला. कोणी म्हणालं, बाईनं चावी उलटी फिरवून व्हॉल्व्हच मोडला. महामाया म्हणाली, “मला एकदा वर चढून बघू द्या.” शिडीला कुलूप होतं आणि किल्ली दयानंदांकडे. ते म्हणाले, “दोन दोन जागी भरलेली दिसायलीय, वर चढून काय नवं दिसणार?” सरपंच लक्ष्मीबाईंनीही ठणकावलं, “उद्या दुपारपर्यंत पाणी आलं न्हाई तर चावी पंचायतीत आणून ठेव. दुसरा माणूस बघू.”

संध्याकाळी महामाया एकटीच माझ्याखाली येऊन उभी राहिली. “तू तरी खरं सांग रे,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं ओरडावं, पण ओरडून सांगणार काय? मला स्वतःलाच कळत नव्हतं, टाकी भरलेली की कोरडी. लटकत राहण्याशिवाय मला काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरी आला, सुनेचा हात धरून. सगळं गाव उकरलेल्या खड्ड्याभोवती जमलं होतं. त्यानं कपाळावर हात धरला, मान वर केली आणि बराच वेळ बघत राहिला.

“महामाया, काटा डोक्याला गेलाय की!”

“हाव मामा, दहावर हाय. म्हंजे भरलेली.”

“कसले दहा? मला आकडा न्हाई दिसत, लाल तेवढं दिसतंय. काटा डोक्याला म्हंजे टाकी कोरडी ठणठणीत. इतकी वर्सं काय मी झक मारून राहिलो होतो?”

दयानंद म्हणाले, “अहो पंढरीबाबा, तुम्हाला डोळ्यानं दिसत न्हाई...”

“म्हणून तर बराबर दिसलं,” पंढरी म्हणाला. “खोला कुलूप.”

मग लक्ष्मीबाईंनीच किल्ली मागून घेतली आणि महामायाच्या हातात दिली. ती पदर खोचून सरसर वर चढली. झाकण उघडल्याचा आवाज झाला आणि मग तिचा आवाज गावभर घुमला, “मामा, तळ दिसून राहिला! डबा तळाला बसलाय!”

भोंग्याच्या तोंडावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. सोडलेला आवाज लगेच परत येत होता आणि बिचाऱ्या भोंग्याला वाटत होतं, पाणी आपल्या तोंडापर्यंत आलंय. म्हणून तो मोटर सुरूच होऊ देत नव्हता. महामायानं माती खरवडली. थोड्या वेळानं विहिरीकडून मोटरची घरघर आली, आणि दुपार टळेपर्यंत मी हळूहळू पायाशी उतरलो. टोकाच्या गल्लीतून घागरींचा खणखणाट ऐकू आला तेव्हा मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

साहेबराव ओशाळून रंगाचा डबा घेऊन आला, पण ब्रश महामायानंच घेतला. वर ‘कोरडी’, खाली ‘भरली’. आता ती रोज स्क्रीन बघते, मला बघते आणि दर सोमवारी शिडी चढून झाकण उघडून बघते. शिडीचं कुलूप तसंच आहे, फक्त किल्ली तिच्या कमरेला असते. आमच्या दोघांत मेळ बसला नाही तर ती आधी वर चढते. आणि मेळ बसला तरी सोमवार काही चुकवत नाही.

मित्रांनो, मी भोंग्यावर राग धरलेला नाही. त्याचं तोंड बुजलं होतं, माझ्या शेजारी भलतंच लिहिलं होतं, आणि आम्ही दोघं मिळून एका भल्या बाईची चावी घालवायला निघालो होतो. तुमच्या गावातही असे काटे आणि भोंगे असतील. त्यांची निगा राखा, त्यांच्यावर आकडे लिहिण्याआधी ते कसे चालतात ते जुन्या माणसाला विचारा, आणि कोणी वर चढून बघू द्या म्हणालं तर किल्ली द्या.

गेल्या महिन्यात पंढरीचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तो चष्मा लावून माझ्याखाली आला आणि सुनेची अक्षरं मोठ्यानं वाचली. “वर कोरडी. खाली भरली.” मग म्हणाला, “अक्षर लई वाकडं हाय गं माय, पण खरं हाय.”