तीन लांब बीप

दादा हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकतोय, हे मला त्याच्या नातीने फोनवर सांगितलं. "आजी, तू खाली जाऊन बघ ना. माझं ऐकतच नाही तो." नात त्याची, पण मलाही आजीच म्हणते. मी म्हटलं, माझं तरी कुठे ऐकतो? एकाच इमारतीत तो पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. पण गेली दोन वर्षं मी दारातून हाक मारावी तर हा पाठ फिरवून बसलेला, फोन करावा तर "हां हां, बरं बरं" करून ठेवून देणार. मीही त्याचीच बहीण. मी जाणंच सोडलं होतं. जिन्यात समोरासमोर आलो तर मान हलवायची, एवढंच उरलं होतं.

पेटीचं ऐकल्यावर मात्र राग बाजूला ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या.

त्या पेटीच्या जिवावर आम्ही दोघांनी बावीस वर्षं काढली होती. दादाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे एक लांबट खोली आणि मधोमध प्लायवूडची भिंत. भिंतीच्या आत दादा, बाहेर काउंटरवर मी. लोक आपापली मशीनं चादरीत गुंडाळून, आजारी मूल दवाखान्यात आणावं तशी घेऊन यायचे. दादाचा एक नियम होता: सुटे भाग उगाच ओढून बघायचे नाहीत, आधी ऐकायचं. मशीन चालू होताना आतला छोटा स्पीकर बीप देतो आणि कुणाचं बिनसलंय ते सांगतो. स्क्रीनचं कार्ड असेल तर एक लांब, दोन आखूड. रॅम असेल तर तीन लांब. आणि काहीच वाजलं नाही तर मदरबोर्डच गेला. दादाने हात वर केला की सगळ्या दुकानाने गप्प बसायचं. मी फोनवर असले तरी आतून आवाज यायचा, "तोंड मीट, बारके, मशीन बोलतंय." असा राग यायचा! पण काउंटरवर बसून बसून ते बीप मलाही पाठ झाले. मग मी दादाच्या आधीच गिऱ्हाइकाला सांगून टाकायचे, "रॅम आहे हो, पंधरा मिनिटं बसा." आतून दादा ओरडायचा, "डॉक्टर मी आहे का तू?"

तेव्हा एका भागाचं दुसऱ्याशी न जमणं हे रोजचंच होतं. साउंड कार्ड लावलं की मोडेम बंद, मोडेम चालू केला की गाणी बंद. दोघांनाही तीच जागा हवी. मग दादा पिनांवरच्या डाळीएवढ्या टोप्या चिमट्याने काढून इकडच्या तिकडे करत बसायचा. कॅबिनेटच्या पत्र्याने बोटं कापलेली, चष्मा कपाळावर, जेवणाचा डबा तसाच. शेवटी दोघांचं जमलं की प्लायवूडवर दोन थापा. चहा सांग, असा त्याचा अर्थ. मला ते दिवस अजून हवेहवेसे वाटतात, सांगायला लाज कसली?

दार उघडंच होतं. मागच्या खोलीत टेबलावर नवीन मशीन पोट उघडं टाकून आडवं पडलं होतं, आणि शेजारी ती पेटी, दोरीने बांधून तयार. दादाने मला बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

"तुला कुणी पाठवलं? तिनेच ना?"

"मी माझी आले. हा काय तमाशा?"

तमाशा असा होता. नात इमारतींचे नकाशे काढायला शिकतेय, त्यासाठी दणकट मशीन हवं. ती तयार विकत घेणार होती. दादा म्हणाला, मी असताना तयार कशाला, मी जोडून देतो. भाग आले, दादाने जोडले, पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच्या काळी. बीप नाही. म्हणजे बोर्ड खराब. ओळखीच्या ज्या दुकानदाराकडून तो घेतला होता, त्याने बदलून दिला. त्याच्यावरही बीप नाही.

"दोन्ही बोर्ड खराब निघतात कधी?" मी विचारलं. तो माझ्या तोंडाकडेच बघत होता.

"नाही निघत. म्हणजे माझंच चुकतंय. कुठे चुकतंय तेही कळत नाही, बारके. उद्या ती तयार मशीन आणतेय. आणू दे. माझं संपलं आता." हे त्याने अगदी साध्या आवाजात म्हटलं. लोकांची चार-चार दुकानं फिरून आलेली मशीनं उठवून बसवणारा हा माणूस, आणि आता त्याचे खांदे अगदी पडले होते.

"मला एकदा दाखव तरी," मी म्हटलं.

"काय दाखवायचं? बघ." त्याने बटण दाबलं.

पंखे फिरले. आणि बोर्डाला लावलेला तो नखाएवढा काळा स्पीकर वाजला. एक लांब. दुसरा लांब. तिसरा लांब. क्षणभर थांबून पुन्हा तीन.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "एकदम मुका."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो त्या स्पीकरवर डोळे लावून, मान तिरकी करून, श्वास रोखून बसला होता. दुकानात बसायचा तसाच. आणि खोलीभर बीप वाजत होते.

दारातून मारलेल्या हाका, फोनवरचं ते "हां हां, बरं बरं", सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. किती बोलले होते मी याला मनातल्या मनात! शेजारणीजवळसुद्धा बोलले होते.

तोंडाने सांगायला धीर होईना. मी त्याचं मनगट धरलं आणि स्पीकर वाजला तसं अंगठ्याने दाबलं. लांब, लांब, लांब. थांबले. पुन्हा लांब, लांब, लांब.

त्याने आधी माझ्या अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग स्पीकरकडे. वाकून कान अगदी बोर्डाला टेकेल इतका जवळ नेला. मी दाबतच राहिले. बराच वेळ तो तसाच वाकून होता. वर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"वाजतोय?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"पहिल्यापासून वाजत असणार." तो खाली बसला, पुन्हा उठला, बटण बंद केलं. "रॅम."

मग त्याचे हात आपोआप चालू लागले. दोन पट्ट्या होत्या रॅमच्या, नातीने दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या. दिसायला जुळ्या बहिणी, पण वेग वेगळा आणि बनवणारी कंपनीही वेगळी. दादाने चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ धरून दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचली. "या दोघींचं एका घरात पटायचं नाही," म्हणाला, आणि एक काढून ठेवली. पुन्हा बटण दाबलं. स्क्रीन उजळली. बोर्ड ठणठणीत होता.

मला नाचावंसं वाटलं. दादाने मात्र फोन उचलला आणि दुकानदाराला लावला.

"बोर्ड चांगला आहे तुमचा," तो मोठ्याने म्हणाला. "पहिलाही चांगला असणार. तुम्हाला उगाच बोल लावला. माझे कान गेलेत. आता तुम्ही काय म्हणाल ते मला नीट कळणार नाही, माझ्या बहिणीशी बोला." आणि फोन माझ्या हातात दिला. आयुष्यात कधी चूक कबूल न केलेला माणूस! एखादा वायरीचा तुकडा उलटा लावला तरी वायरीलाच शिव्या देणारा.

तिकडून दुकानदार म्हणाला, "ताई, पहिला बोर्ड मी त्याच दिवशी लावून पाहिला होता. चालत होता. मागून हाक मारली तर ते वळत नाहीत, हे बरेच दिवस बघतोय आम्ही. पण त्यांना सांगणार कोण? बदलून देणं सोपं वाटलं."

"काय म्हणतोय?" दादाने विचारलं.

गोड करून सांगता आलं असतं. पण त्याने एवढं धाडस केल्यावर मी कशी लपवाछपवी करणार? मी त्याच्या समोर उभी राहिले आणि जसंच्या तसं, शब्द सुटे सुटे करून सांगितलं.

तो खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"मला नव्हतं," मी म्हटलं. तो माझ्या ओठांकडेच बघत होता. "दोन वर्षं मी हाका मारत होते, दादा. तू वळायचा नाहीस, म्हणून रुसून बसले."

"हाका मारत होतीस?" दादा म्हणाला. "मला वाटलं, तू हाक मारणंच सोडलंस."