हाणणं आणि लिंपणं

मोहिनीला काही केल्या उलगडेना. उद्या जळगावच्या एका कॉलेजात तिला नमुन्याचा तास घ्यायचा होता. जमला तर इंग्रजी शिकवायची नोकरी, नाहीतर आहेतच इथल्या, असोदा गावातल्या शिकवण्या. विषय मिळाला होता एकच जुनं क्रियापद, 'स्माइट'. म्हणजे जोरात हाणणे, हे तिला पाठ होतं. पण शब्दकोशानं सगळा घोळ घातला. हजार वर्षांपूर्वी म्हणे त्याचा अर्थ होता माखणे, लिंपणे. हाणणं मागाहून आलं. कसं, ते शब्दकोशालाही नक्की ठाऊक नव्हतं. आणि वर प्रेमात पडलेल्या माणसालाही याच शब्दाचं रूप, 'स्मिटन'!

"एकदाचं ठरवा की काहीतरी!" ती पुस्तकावरच खेकसली.

दिवाळी तोंडावर होती. मागच्या मातीच्या भिंतीला सासूबाई, कुंदाबाई, गारा, म्हणजे कालवलेला चिखल, लावत होत्या. मोहिनी मदतीला गेली खरी, पण लक्ष सगळं त्या शब्दात. तिनं हलक्या हातानं चिखल चोपडला. तो सरळ घसरून तिच्याच पायावर पडला.

"अवं, पोयीले तूप लावते का?" कुंदाबाई करवादल्या. "आंधी फेकून मार, मंग हात फिरव. मारल्याबिगर गारा धरत न्हाई."

त्यांनी गोळा थप्पकन हाणला आणि त्याच झटक्यात तळवा फिरवला. मोहिनी बघतच राहिली. हाणणं कुठे संपलं आणि लिंपणं कुठे सुरू झालं, तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात हेच सांगितलं: भिंतीला चिखल हाणणं आणि लिंपणं एकाच झटक्यातलं, म्हणून शब्दही एकच असेल. परीक्षक भाईदास सरांनी चष्मा वर केला. "हे कुठल्या ग्रंथात आहे?"

मोहिनी गडबडली. "शब्दकोशही अंदाजच करतात, सर."

"मग तुमचा आधार काय?"

नखांत गारा अडकलेला म्हणून सकाळपासून लाजून तिनं उजवा हात पदराखाली झाकला होता. तो तिनं बाहेर काढला. "माझ्या सासूबाई, सर. कुंदाबाई. त्यांनी कालच शिकवलं."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बरं की वाईट, कळायला मार्ग नव्हता.

"लागली का नौकरी?" घरी येताच कुंदाबाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही, आत्याबाई. तुमचं नाव मात्र सांगून आले."

कुंदाबाईंचा हात घमेल्यातच थांबला. "माह्यं? कॉलेजात? कायले व माय? मले तं सही बी येत न्हाई."

मोहिनीनं पदर खोचला, गोळा उचलला आणि भिंतीवर हाणला. या वेळी तो धरला.